कारण शोधणं ही चैन नव्हे

“बंद करा, चालू करा, पुढच्या कामाला लागा. कारण शोधत बसणं ही चैन आहे आणि ती आपल्याला परवडत नाही.”

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका प्रशिक्षण वर्गात मी हे ऐकलं. समोर नुकतीच नोकरीला लागलेली चाळीसेक मुलंमुली होती. बोलणारे गृहस्थ सॉफ्टवेअरच्या धंद्यात तीस वर्षं मुरलेले. मी स्वतः त्यांच्याकडून बरंच शिकलो आहे. त्यांनी आपलं म्हणणं आडपडदा न ठेवता मांडलं. सर्व्हर अडकला तर रीस्टार्ट मारा. बिल्ड फसला तर सगळं पुसून पुन्हा करा. नोंद सापडत नसेल तर नव्याने भरा. रीस्टार्टला दोन मिनिटं लागतात, कारण शोधायला तीन दिवस, आणि ग्राहक तीन दिवसांचे पैसे देत नाही. त्यातून आजकालच्या प्रणाली आपण होऊन पुन्हा उभ्या राहतील अशाच बांधलेल्या असतात, मग माणसाने डोकं का फोडावं? मुलं भराभर लिहून घेत होती. मी शेवटच्या रांगेत होतो आणि काही बोललो नाही. ते न बोलणं मला अजून बोचतं आहे, म्हणून आज लिहितो आहे.

त्या दोन मिनिटांचाच हिशेब आधी करू. काही वर्षांपूर्वी मी एका चालत्या प्रकल्पात नव्याने गेलो. विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज भरून घेणारी सेवा होती. सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची क्रॉनची यादी उघडली, तर तिच्यात एक ओळ दिसली: रोज पहाटे ३ वाजता मुख्य सेवा बंद करून पुन्हा चालू करायची. का करायची, याचं टिपण नाही. विचारलं तर उत्तर आलं, “ती ओळ काढू नका, काढली की दुपारपर्यंत अडकतं.” ओळ लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला होता. ओळ चार वर्षं तशीच होती आणि तिच्याकडे सगळे देव्हाऱ्यातल्या टाकासारखं बघत होते: का ठेवलाय ते ठाऊक नाही, पण हलवायचा नाही.

मग निकालाचा आठवडा आला. एरवीच्या कितीतरी पट मुलं एकाच वेळी अर्ज भरायला बसली. पहाटे ताजीतवानी झालेली सेवा सकाळी ११ वाजता अडकली. रीस्टार्ट केला. दीडला पुन्हा अडकली. चारला पुन्हा. दर खेपेला अर्धे भरलेले अर्ज वाहून जात होते. त्यातले किती अर्ज तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून भरले जात होते, हे मदत केंद्राच्या फोनवर बसलेल्या आमच्या मुलींना चांगलं कळत होतं. आई-वडिलांचं बोलणं त्याच ऐकून घेत होत्या.

कारण असं निघालं. डेटाबेसशी बोलण्यासाठी प्रोग्रामकडे ठरावीक जोडण्या असतात, आमच्याकडे १०० होत्या. एक जोडणी उचलायची, काम उरकायचं, परत ठेवायची. अर्जातला फोटो ठरल्यापेक्षा मोठा असला की प्रोग्राम त्रुटीचा संदेश दाखवून मागच्या दाराने बाहेर पडत होता, आणि त्या दाराने जाताना जोडणी परत ठेवायची राहून जात होती. एक मोठा फोटो म्हणजे एक जोडणी कायमची कमी. एरवी दिवसाला साठ-सत्तर मोठे फोटो येत, तेवढ्यावर रात्र निघे आणि पहाटेचा रीस्टार्ट सगळं झाकून टाकी. निकालाच्या आठवड्यात शंभरावा फोटो अकरालाच आला. शोधायला मला साडेपाच तास लागले; दुरुस्ती तीन ओळींची होती.

दिवसातून एक रीस्टार्ट पुरेल, हे कुणी ठरवलं होतं? चार वर्षांपूर्वीच्या गर्दीने. कुणी मोजलं नव्हतं, कुणी समजून घेतलं नव्हतं. त्या गृहस्थांना मला पहिली गोष्ट सांगायची आहे ती हीच. रीस्टार्ट हे औषध आहे असं घटकाभर मानू. पण औषधाला मात्रा लागते. दिवसातून एकदा की तासाला एकदा, हे आजार काय आहे ते कळल्याशिवाय कोण ठरवणार?

ही मात्रा ठाऊक नसली तर काय होतं, याची नोंद १९९१च्या आखाती युद्धात आहे. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या दहरान इथे इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जण मारले गेले. संरक्षणासाठी उभी केलेली पेट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिने त्या स्कडवर मारा केलाच नाही. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होतं. आपल्या दशमान पद्धतीत एक दशांश लिहायला सोपा, पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत तो कधीच संपत नाही, एक तृतीयांश आपल्याकडे ०.३३३ असा लांबत जातो तसा. २४ बिटांत बसवण्यासाठी तो कापला गेला. एका मोजणीत ती चूक नगण्य. १०० तास सलग चालल्यावर ती साचून सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात भलत्याच जागी बघत राहिली. (आमच्या वर्गातली मुलं पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघतात आणि शेवटी एक आगंतुक ४ बघून हसतात. त्या ४ च्या मुळाशी हीच गोष्ट आहे.)

दोष माहीत नव्हता असं नाही. दोन आठवडे आधी, ११ फेब्रुवारीला, इस्रायलकडून कळलं होतं की ८ तास सलग चालल्यावर नेम सरकतो. दुरुस्त प्रोग्राम तयार होत होता, आणि दरम्यान वापरणाऱ्यांना सूचना गेली की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर अडचण येईल. ‘फार वेळ’ म्हणजे किती, ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं. रीस्टार्ट मिनिट-दीड मिनिटाचं काम होतं. तो केव्हा करायचा, एवढाच आकडा दहरानच्या लोकांकडे पोचला नाही. दुरुस्त प्रोग्राम तिथे पोचला २६ फेब्रुवारीला, दुसऱ्या दिवशी.

आता याच्या शेजारी दुसरी एक सूचना ठेवून बघा. २०१५ साली अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला. विमानातली जनित्रं सांभाळणारे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर त्यांच्यातला एक मोजक भरून सांडतो, आणि चारही नियंत्रक एकाच वेळी चालू झालेले असतील तर उडत्या विमानाचा वीजपुरवठा जाऊ शकतो. उपाय काय सांगितला? वीज बंद करून पुन्हा चालू करा. पण किती दिवसांच्या आत, तेही स्पष्ट लिहिलं: १२० दिवसांच्या आत. हा रीस्टार्टच आहे आणि माझा त्याला आक्षेप नाही. कुणीतरी प्रयोगशाळेत बसून दोष हुडकला, मोजक सापडला, म्हणून २४८ हा आकडा हाती आला आणि त्याच्या निम्म्याच्या आत १२० ही रेघ मारता आली. सेकंदाचे शंभर भाग करून ३१ बिटांपर्यंत मोजत गेलं तर साधारण २४८ दिवस आणि तेरा तास होतात. कॅल्क्युलेटरवर कुणीही पडताळून पाहावं.

त्या गृहस्थांच्या बोलण्यातला सगळ्यात वजनदार भाग म्हणजे आपण होऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या प्रणाली. ही टाळता येण्यासारखी गोष्ट नाही. एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एरलँग ही भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली, आणि तिचं तत्त्वच आहे की प्रोग्रामचा एखादा तुकडा बिघडला तर त्याला पडू द्यावं. वर बसलेला देखरेख करणारा प्रोग्राम त्याला नव्याने उभा करील. मला ही रचना फार आवडते. पण ती नीट बघितली का? एरलँगमधला तो सुपरवायझर रीस्टार्ट मोजतो. ठरल्या सेकंदांत ठरल्यापेक्षा जास्त वेळा एखादा तुकडा पडला, तर तो त्याला आणखी उभं करत नाही. स्वतःच थांबतो आणि प्रश्न वरच्याकडे ढकलतो. पडताना तुकडा काय करत होता, तेही नोंदवून ठेवलं जातं. कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्राम चालवणारं कुबरनेटिस घ्या. एखादा कंटेनर पुन्हापुन्हा कोसळू लागला की ते दर खेपेला जास्त थांबतं, १० सेकंद, २०, ४०, असं ५ मिनिटांपर्यंत, आणि त्या अवस्थेला वेगळं नाव देऊन पडद्यावर मांडतं. आधीच्या पडलेल्या कंटेनरचा लॉगही मागून घेता येतो. म्हणजे ज्या प्रणालींचा दाखला देऊन मुलांना कारण विसरायला सांगितलं जातं, त्या मोजतात, लिहून ठेवतात आणि एका मर्यादेनंतर माणसाला बोलावतात. रीस्टार्ट बांधताना त्या बांधणाऱ्यांनी कारण शोधायची सोय आधी करून ठेवली. आपण त्यातला रीस्टार्ट तेवढा उचलला.

आपोआप रीस्टार्ट झाला म्हणून काम संपलं, असं ज्यांनी मानलं नाही त्यांचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. ४ जुलै १९९७ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. पहारा ठेवणारी सोय चोख काम करत होती: महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही की ती सगळं नव्याने चालू करी. यान ठणठणीत उठे, फक्त त्या दिवशीचं उरलेलं काम उद्यावर जाई. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या हुबेहूब यंत्रावर तीच परिस्थिती उभी करून दोष पकडला. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसे, जास्त महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी खोळंबे, आणि मधल्या दर्जाची कामं मध्येच घुसून दोघांनाही थांबवून ठेवत. एक सेटिंग बदलायचं होतं. सुमारे १९ कोटी किलोमीटरवरच्या यानावर ते इथून बदललं गेलं. हीच गडबड उतरण्याआधीच्या चाचण्यांतही दिसली होती, पण तेव्हा पुन्हा घडवता आली नव्हती. ‘परत घडत नाही’ हे आमच्याकडे तक्रार बंद करायचं सगळ्यात लोकप्रिय निमित्त आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता ‘नोंद सापडत नसेल तर नव्याने भरा’. या वाक्याने मला त्या दिवशी सर्वात जास्त अस्वस्थ केलं, कारण त्याची फळं मी हाताने निस्तरली आहेत. एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी मराठीत होती. तक्रार अशी: काही सभासद शोधले की कधी सापडतात, कधी नाही. खिडकीवरचा कारकून समोरच्या माणसाला ताटकळत ठेवू शकत नव्हता, त्याला सांगितलं गेलं होतं की नव्याने भरा. नव्याने भरलं की सापडायचं. म्हणजे उपाय लागू पडत होता. दीड वर्ष लागू पडत होता. मग व्याज काढायची वेळ आली तेव्हा एकेका माणसाची दोन-दोन खाती निघाली, आवर्त ठेवीचे काही हप्ते एकात, काही दुसऱ्यात. एक आजोबा पासबुक घेऊन आले होते, त्यांचे सात हप्ते संस्थेच्या लेखी भरलेलेच नव्हते.

दुहेरी झालेली नावं मी एकाखाली एक लावली. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, पुन्हा कुऱ्हाडे. सगळ्यांत तोच अर्धा र, दर्या आणि दऱ्या हे शब्द वेगळे ठेवणारा, जो मराठीला लागतो आणि हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून. दुसरी, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह जोडून. डोळ्याला दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. अक्षरांची रूपं एकसारखी करून घेण्याची युनिकोडची जी ठरलेली रीत आहे, तिलाही हे दोन सारखे वाटत नाहीत. जुन्या नोंदी एका कीबोर्डवरून झाल्या होत्या, खिडकीवर दुसरा कीबोर्ड होता. कारकून ज्या कीबोर्डने शोधत होता त्याच कीबोर्डने नव्याने भरत होता, म्हणून नव्याने भरलेलं हमखास सापडे. उपाय लागू पडतोय असं वाटायला लावणारी गोष्टच खाती दुहेरी करत होती. साठवताना आणि शोधताना एकच रूप वापरायचं, एवढा बदल अर्ध्या दिवसात झाला. खाती जुळवायला पाच आठवडे लागले, आणि ते काम मला नाही, त्या कारकुनाला करावं लागलं.

हा दोष दुसऱ्या देशातलं कुणी आपल्यासाठी शोधून ठेवील ही आशा करू नये. आपल्या आडनावांतला र आपल्यालाच ओळखीचा आहे.

‘ग्राहकाला कारणाशी काय देणंघेणं?’ असंही त्या वर्गात विचारलं गेलं. थेरॅक-२५ हे कर्करुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र होतं. त्याच्या पडद्यावर वरचेवर त्रुटींचे आकडे उमटत आणि ‘पी’ कळ दाबली की काम पुढे चालू होई. चालवणाऱ्यांना त्याची सवय झाली होती. मार्च १९८६मध्ये टेक्ससमधल्या टायलरच्या रुग्णालयात ‘मालफंक्शन ५४’ असं आलं, कळ दाबली गेली, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा भयंकर मात्रेचा झोत बसला. यंत्र तपासलं गेलं, दोष पुन्हा दिसला नाही, यंत्र पुन्हा वापरात आलं. एप्रिलमध्ये तिथेच दुसरा रुग्ण भाजला. दोघेही पुढे दगावले. मग रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यंत्र चालवणाऱ्या बाईंना घेऊन बसला आणि तो संदेश पुन्हा उमटेपर्यंत तीच अक्षरं टाइप करवत राहिला. उमटला. बाई सरावाने टाइप केलेल्या माहितीत इतक्या भराभर दुरुस्ती करत की चुंबकं जागेवर यायला लागणाऱ्या आठेक सेकंदांतच ती उरकली जाई, आणि प्रोग्रामला तिचा पत्ताच लागत नसे. त्या रुग्णांना कारणाशी देणंघेणं नव्हतं असं कुणी म्हणून दाखवावं.

उरली तीन दिवसांची गोष्ट. तीन दिवस लागतात हे अनेकदा खरं आहे, आणि का लागतात तेही मला दिसतं. आम्ही मुलांना नवी भाषा शिकवतो, नवी चौकट शिकवतो. दोष हुडकायची अवजारं शिकवतच नाही. काल चालत होतं आणि आज चालत नाही, मध्ये १००० बदल झाले आहेत, तर गिटमधलं बायसेक्ट दर वेळी उरलेल्यांचे दोन भाग करत १० चाचण्यांत तो एक बदल दाखवतं. प्रोग्राम नेमक्या कुठल्या फाइलवर हात आपटतो आहे ते एस-ट्रेस हे अवजार मिनिटभरात सांगतं. पाच-पाच वर्षं काम केलेल्या माणसांनी यांतलं एकही वापरलेलं नाही, असं मी मुलाखतींत पाहतो, आणि मला राग त्यांचा येत नाही. आता तर त्रुटीचा संदेश एआयला चिकटवायचा आणि मिळेल तो बदल लावायचा, अशी रीत पडते आहे. मी ती साधनं रोज वापरतो आणि कारण शोधायला त्यांची मदत खरोखर होते. पण ‘ही त्रुटी घालव’ असं मागितलं तर त्रुटी गिळून टाकणाऱ्या चार ओळी मिळतात, आणि मग पुढचा माणूस पडद्यावर काहीच दिसत नाही म्हणून चाचपडतो.

रीस्टार्ट आधी आणि कारण नंतर, अशा वेळा येतात हे मी मान्य करतो. लोक खोळंबलेले असताना सेवा उभी करणं हे पहिलं कर्तव्य. माझा आग्रह त्याच्या आधीच्या काही क्षणांसाठी आहे. अडकलेला प्रोग्राम मेमरीत सगळा पुरावा घेऊन उभा असतो. रीस्टार्टने तो पुसला जातो. पोलीस येण्याआधी घर धुऊन काढणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

त्या वर्गात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, “सर, मग लॉग कधी बघायचे?” उत्तर मिळालं, “वेळ उरला तर.” ती मुलगी आता माझ्या गटात आहे. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सर्व्हर अडकला. फोन वाजत होते, मागे उभं राहून कुणीतरी “रीस्टार्ट कर ना” म्हणत होतं. तिने आधी थ्रेड डंप (प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे धागा, त्या क्षणी कुठे थांबला आहे याची नोंद) घेतला, दहा सेकंदांनी दुसरा घेतला, लॉग वेगळ्या जागी ठेवले आणि मग रीस्टार्ट केला. या सगळ्याला चार मिनिटं लागली. दोन्ही डंपमध्ये २०० थ्रेड एकाच कुलपाशी थांबलेले आहेत, आणि ते कुलूप ज्याच्याकडे आहे तो थ्रेड बाहेरच्या एका सेवेच्या उत्तराची वाट बघतो आहे. ते उत्तर का आलं नाही, आणि किती वेळ थांबायचं याची मर्यादा तिथे का नव्हती, हे अजून कळलेलं नाही. सोमवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा बसणार आहोत.